फोटो नको, आवक क्रमांक हवा

नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि त्यानंतर आमच्याकडे कॉलेजांतून मतदार नोंदणी, महापालिकेचा कारभार आणि कॉलेजातल्या निवडणुकांबद्दल प्रश्न यायला लागले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि कॉलेजांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजात दरवर्षी २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. शपथ, रांगोळी, रॅली, सेल्फी पॉइंट, सगळं होतं आणि फोटोंसह अहवाल जातो. यंदा वर्गात हात वर करायला सांगितलं, तर निम्म्याहून जास्त मुलांची नावं यादीत नाहीत. काय वेगळं करावं?
– एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकारी, वाशी

शपथ राहू द्या, पण नोंदणीचं काम जानेवारीतून काढा आणि जुलै-ऑगस्टमध्ये आणा. प्रवेश नुकते संपलेले असतात. बोर्डाचं प्रमाणपत्र, आधार, फोटो हे सगळं पहिल्या वर्षाच्या मुलांच्या एकाच फाइलमध्ये असतं. जानेवारीत तीच फाइल घरच्या कपाटात गेलेली असते.

पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयही सोबत घ्या. नवीन नावासाठी नमुना ६. वयाला जन्मदाखला, आधार, पॅन किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. पत्त्याला आधार, पासबुक, आई-वडिलांच्या नावचं वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार.

मांडणी अशी ठेवा : एका टेबलावर एक लॅपटॉप आणि दोन स्वयंसेवक. एकाने अर्ज भरायचा, दुसऱ्याने कागद हातात घेऊन अक्षर अन् अक्षर ताडून बघायचं. एका अर्जाला १२ ते १५ मिनिटं लागतात. चार टेबलं, तीन तास, पन्नासेक अर्ज, बस. ‘एका दिवसात पाचशे’ असं लक्ष्य ठेवलं की चुकांची रास पडते आणि त्या निस्तरायला पुन्हा दुरुस्तीचा नमुना ८ भरत बसावं लागतं.

अर्ज अडतात ते साध्या गोष्टींवर. इंग्रजीत नाव टाइप केलं की मराठी नाव आपोआप उमटतं. तिथे ‘पाटील’चं ‘पतिल’ झालेलं कुणी बघत नाही. नवी मुंबईत आणखी एक घोळ असतो. सेक्टर १५ वाशीतही आहे, बेलापूरलाही आणि कोपरखैरण्यातही. पत्त्यात नोडचं, म्हणजे वाशी, बेलापूर अशा भागाचं, नाव राहिलं तर अर्ज फिरत बसतो. घरातल्या कुणाचं नाव आधीपासून यादीत असेल तर त्याच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकायची जागा अर्जात आहे. ती रिकामी सोडली तर आई-वडील एका यादीभागात आणि मुलगा दुसऱ्याच भागात, असं होऊ शकतं. शेवटचं म्हणजे मोबाइल नंबर. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पडताळणीला येतो तेव्हा घराला कुलूप असतं, आणि अर्जातला नंबर कॉलेजच्या स्वयंसेवकाचा निघतो.

एक वही घाला : नाव, अर्जाचा संदर्भ क्रमांक, तारीख, स्थिती. तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी प्रत्येक क्रमांक तपासा. वर्षअखेरीच्या अहवालात किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने नाकारले, हा तक्ता लावा. २५ जानेवारीचा कार्यक्रम ज्यांची ओळखपत्रं आली त्यांच्यासाठी करा. रांगोळीवर आमचा राग नाही, पण ती भरून नाव यादीत येत नाही.

प्रश्न : मी परभणीची. नेरूळला हॉस्टेलवर राहते. गावी माझं नाव यादीत आहे. इथेही नोंदवू का?
– द्वितीय वर्ष, संगणकशास्त्र

दोन्हीकडे नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० प्रमाणे नाव एकाच ठिकाणी असू शकतं आणि अर्जातल्या खोट्या घोषणेला शिक्षा आहे. शिकायला बाहेर राहणाऱ्याला गाव किंवा हॉस्टेल यांतलं एक निवडायची मुभा आहे. इथे आणायचं ठरवलं तर नवा नमुना ६ भरू नका, नमुना ८ भरा, तो स्थलांतरालाही चालतो. सोबत हॉस्टेलच्या पत्त्याचं कॉलेजप्रमुखांचं प्रमाणपत्र घ्या. ठरवताना एवढंच बघा : पुढची तीन-चार वर्षं कुठल्या रस्त्यावरून चालणार आहात, आणि मतदानाच्या दिवशी परभणीची गाडी पकडणं खरंच जमणार आहे का.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये मला १८ पूर्ण झाली. मतदार ओळखपत्रही आलं. तरी जानेवारीत महापालिकेच्या यादीत नाव नव्हतं. केंद्रावर ‘नाव नाही’ म्हणून परत पाठवलं. हा अन्याय नाही का?
– प्रथम वर्ष, कला, कळवा

अन्याय नव्हे, तारखेचा खेळ. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. तुमची पात्रता तारीख १ ऑक्टोबर. त्यामुळे विधानसभेच्या यादीत तुम्ही आहात, त्या फोडलेल्या यादीत नव्हता.

प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात. त्या हरकती मुख्यतः नाव चुकीच्या प्रभागात गेल्याच्या असतात, आणि त्या चुका भरपूर होतात. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर त्या आठवड्यात दुसरं काही लावलं नाही तरी चालेल, प्रारूप यादी कुठे बघायची एवढं लावा.

प्रश्न : नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागाचे दोन क्रेडिट आहेत. विद्यार्थी वृद्धाश्रमाला भेट देतात, फाइल करतात, आम्ही गुण देतो. यापेक्षा ठोस, शहराच्या कारभाराशी भिडणारं काही करता येईल का? तासांचा हिशेब कसा धरावा?
– सहायक प्राध्यापक, ठाणे

येईल, आणि त्याला खर्चही फार नाही. क्षेत्रकार्यात एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. विषय मोठा घेऊ नका. ‘ठाण्यातील वाहतूक समस्या’ हा विषय घेतला की फाइल इंटरनेटवरून उतरते. ‘स्टेशन ते कॉलेज, ८०० मीटर पदपथ’ हा विषय इंटरनेटवर सापडत नाही, तो मोजावाच लागतो.

पाच-सहा जणांचा गट करा. ८ तास जागेचा मालक कोण हे शोधण्याला द्या. ६ तास मोजणीचा सराव, १६ तास प्रत्यक्ष मोजणी, १० तास तक्ता आणि नकाशा, १२ तास पत्र, कार्यालयभेट आणि पाठपुरावा, उरलेले ८ तास सादरीकरण. एनएसएसच्या १२० तासांत हेच तास पुन्हा धरू नका. तपासणीत ते सापडतं आणि मुलांचं नुकसान होतं.

मालक शोधायला ८ तास जास्त वाटतील, पण बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात. नवी मुंबईत स्टेशनची इमारत सिडकोने बांधलेली, रूळ रेल्वेचे, बाहेरचा रस्ता महापालिकेचा. कारखान्यांच्या पट्ट्यात एमआयडीसी, सायन-पनवेल महामार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग. घोडबंदर रस्त्यावर तर सेवा रस्ता, मुख्य रस्ता आणि एमएमआरडीएचं मेट्रोचं काम शेजारी शेजारी आहे. चुकीच्या दारात पत्र टाकलं की ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ हे एका ओळीचं उत्तर यायला महिना जातो, आणि सेमिस्टर असतं चार-साडेचार महिन्यांचं.

मोजणी अशी : दर ५० मीटरला एक बिंदू, म्हणजे ८०० मीटरला एका बाजूला १७ आणि दोन्ही बाजू मिळून ३४. प्रत्येक बिंदूवर चार नोंदी. मोकळी रुंदी, कडेची उंची, अडथळा कशाचा, फोटो क्रमांक. रुंदी मोजताना टेप भिंतीपासून थेट कडेपर्यंत लावतात आणि अडीच मीटर लिहून मोकळे होतात, ती चूक. मधे विजेचा डीपी बॉक्स, झाडाचं आळं, होर्डिंगचा खांब किंवा उचकटलेलं चेंबरचं झाकण असेल तर माणसाला चालायला जेवढी सलग जागा उरते तेवढीच मोकळी रुंदी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत ही किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. तुमच्या तक्त्यात या दोन आकड्यांशेजारी तुमच्या ३४ बिंदूंचे आकडे आले की भाषणाची गरजच उरत नाही. पायरी २८० मिलिमीटर असेल तर आजी चढू शकत नाही, हे अभियंत्याला समजावून सांगावं लागत नाही.

फेरीवाल्यांबाबत जपून. मुलं उत्साहात ‘अतिक्रमण हटवा’ लिहून मोकळी होतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क आहेत आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते. दुचाकी पार्किंग, दुकानांच्या पायऱ्या, बॅनरचे सांगाडे यांचीही त्याच काटेकोरपणे नोंद करा आणि विक्रेत्यांशी बोला. चुकीची जागा कुठली आणि चालण्यासारखी कुठली, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मतं विचारणारी प्रश्नावली शक्यतो टाळा. ‘तुम्ही पदपथावर समाधानी आहात का?’ असा गूगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर टाकून ९० टक्के असमाधानी असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. विचारायचंच तर त्याच रस्त्यावर उभं राहून, सकाळी आणि संध्याकाळी, विचारा : ‘आज पदपथावरून चाललात की रस्त्यावरून? का?’

मग पत्र. एक पान, मराठीत. विषयाच्या ओळीत रस्त्याचं नाव आणि कुठून कुठपर्यंत. पहिल्या परिच्छेदात काय मोजलं, दुसऱ्यात तीन सर्वांत वाईट बिंदू, तिसऱ्यात प्रत्येक बिंदूवर नेमकी काय मागणी : झाकण बसवणं, खांब हलवणं, उतार करणं. ‘सुशोभीकरण’ मागू नका. सुशोभीकरण मागितलं तर सुशोभीकरणच मिळतं. तक्ता आणि नकाशा जोडा. ठाण्यात प्रभाग समितीच्या आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे द्या, प्रत शहर अभियंत्यांना. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक (पत्र कार्यालयात आल्याच्या नोंदीचा), तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, साहेब बघतील’ असं म्हणतील तेव्हा नम्रपणे तिथेच उभं राहायचं. या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा त्या पाच मिनिटांत मिळतो.

१५ दिवसांनी स्मरणपत्र, त्यात पहिला आवक क्रमांक. उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकार. गुण कशाला द्यायचे हे आधी जाहीर करा. खड्डा बुजला म्हणून गुण नाहीत आणि बुजला नाही म्हणून कपातही नाही, नाहीतर मुलं ओळखीच्या नगरसेवकाला फोन करून काम उरकून घेतात. नोंदींचा नेमकेपणा, पत्र, पाठपुराव्याची वही, यांना गुण द्या.

आणि फाइल पुढच्या बॅचला द्या. सेमिस्टर संपलं की पाठपुरावा मरतो, हे कार्यालयांनाही माहीत असतं. जुलैत नव्या गटाने जुना आवक क्रमांक घेऊन तीच खिडकी गाठली की उत्तराचा सूर बदलतो.

प्रश्न : आम्ही महापालिकेला माहिती अधिकारात ‘गेल्या दहा वर्षांत खड्डे का बुजवले नाहीत, जबाबदार कोण, सर्व माहिती द्यावी’ असं विचारलं. अर्ज फेटाळला. आता?
– विद्यार्थी गट, ठाणे

अर्ज फेटाळला जाण्यासारखाच होता. माहिती अधिकारात ‘का’ विचारून उपयोग नाही. अधिकाऱ्याने कारण शोधून लिहून देणं अपेक्षित नाही, आहे तो कागद देणं अपेक्षित आहे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा. शिवाय अर्ज नागरिकाने करायचा असतो. ‘अमुक कॉलेजचा एनएसएस विभाग’ या नावाने करू नका, एका विद्यार्थ्याच्या नावाने करा. वयाची अट नाही.

असं लिहा : ‘अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील दुरुस्तीचे कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने आणि दोषदायित्व कालावधी दर्शविणाऱ्या कराराच्या पानांच्या प्रती द्याव्यात.’ एवढंच. दोषदायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदार जबाबदार असण्याची मुदत. ती चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि तुमच्या पुढच्या पत्राचा सगळा जोर त्या एका पानात आहे.

फी १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावून किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर. प्रती पानाला २ रुपये. मुदत ३० दिवस. अर्ज दुसऱ्या खात्याचा असेल तर परत पाठवायचा नसतो, ५ दिवसांत त्या खात्याकडे वर्ग करायचा असतो. कलम ६(३) चा उल्लेख अर्जातच केलेला बरा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे रांग लांब आहे. तोवर तुमची पदवी हातात येईल. म्हणून पहिला अर्जच नीट लिहा.

बऱ्याचदा अर्जाचीही गरज नसते. महापालिका आणि जिल्हा कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय शासनाने केली आहे. कुठली फाइल हवी ते नक्की ठाऊक असेल तर तासाभरात काम होतं. ते ठाऊक नसेल तर कारकूनही वैतागतो आणि तुम्हीही.

प्रश्न : कॉलेजच्या वेळेला एनएमएमटीची (नवी मुंबई महापालिका परिवहनची) बस वाढवावी म्हणून आम्ही तीनशे सह्यांचं निवेदन लोकशाही दिनात दिलं. घेतलंच नाही. मग लोकशाही दिन कशासाठी?
– विद्यार्थिनी, घणसोली

लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रारच घेतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो आणि अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी दोन प्रतींत द्यायचा असतो. सामूहिक मागणी तिथे बसत नाही.

तुमची मागणी परिवहन व्यवस्थापकांकडे न्या. आणि सह्यांपेक्षा आकडे न्या : आठवडाभर रोज सकाळी ७ ते ८ थांब्यावर किती जण उभे होते, कोणत्या वेळेची बस आली, किती जणांना चढता आलं नाही. तीनशे सह्या टेबलावर राहतात, ‘७.२० ची बस सहापैकी चार दिवस आली नाही’ हे वेळापत्रक बघणाऱ्या माणसापर्यंत पोचतं. प्रभागाच्या नगरसेवकांनाही प्रत द्या. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत, चौघांनाही द्या, एकालाच दिलं की ते पत्र त्याचं होऊन बसतं.

प्रश्न : वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याऐवजी निवडून द्यावा असं आमच्या काही प्राध्यापकांना वाटतं. मला मारामाऱ्यांची आणि बाहेरच्या संघटनांची भीती वाटते. निवडणूक सुरळीत कशी घ्यावी?
– प्राचार्य, घोडबंदर रोड परिसर

भीती निराधार नाही. राज्यात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नेमणूक आणली त्यामागे हिंसाचाराचा इतिहास होता. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ९९ ने विद्यार्थी परिषदेची निवडणूक पुन्हा कायद्यात आणली. औपचारिक परिषद विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणेच होईल, पण वर्गापुरता प्रतिनिधी निवडायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

नियम नव्याने शोधू नका, विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीचे घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते लागू केले. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक, सगळी प्रक्रिया १० दिवसांत पूर्ण, उमेदवाराची ७५ टक्के हजेरी, विषय राहिलेले नकोत, छापील पोस्टर बंद, फक्त हाताने केलेली. खर्चाची मर्यादा त्यांनी ५,००० रुपये ठेवली आहे. वर्गाच्या निवडणुकीला तुम्ही शून्य ठेवा. मारामारीचं मूळ बहुधा लांबलेल्या प्रचारात आणि पैशात असतं, या दोन गोष्टी कापल्या की बराच धोका जातो. प्रचार म्हणजे वर्गात प्रत्येकाला तीन मिनिटं आणि दोन प्रश्न, त्याहून जास्त काही नको.

हात वर करून मतदान घेऊ नका. मागच्या बाकावरचा दांडगा कुणाकडे बघतोय यावर अर्धी मतं ठरतात. गुप्त मतपत्रिकाच हवी. ए-४ कागदाचे चार तुकडे, नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने, शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. पेनाने खूण करू दिली तर अक्षर-शाईवरून ओळख पटते, म्हणून सगळ्यांना एकच रबरी शिक्का. घडी घालायला शिकवा : आधी उभी, मग आडवी. आधी आडवी घातली की ओली शाई समोरच्या दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात उमटते आणि मतमोजणीत वाद होतो. देशाच्या कागदी मतपत्रिकांवरचा बाणांच्या फुलीचा शिक्का याच कारणाने तसा आहे. उमटलेला ठसा आरशातल्यासारखा उलटा दिसतो, त्यामुळे खरं मत कुठलं ते कळतं. हे मुलांना दाखवा, दोन मिनिटं लागतात आणि वर्ग एकदम गप्प होऊन बघतो.

मतदानाआधी रिकामी पेटी सगळ्यांना दाखवा. दिलेल्या मतपत्रिका आणि पेटीतून निघालेल्या मतपत्रिका यांची बेरीज फळ्यावर लिहा, मगच नावांची मोजणी. फरक आला तर तिथेच थांबायचं. निकालाविरुद्ध तक्रार कुणाकडे आणि किती दिवसांत, हे मतदानाआधी लिहून लावलेलं असलं पाहिजे. नंतर ठरवलेला नियम कुणालाच पटत नाही.

सगळं नीट होऊनही पुढच्या वर्षी उमेदवार मिळत नाहीत, ही तक्रार आम्ही जास्त ऐकतो. कारण निवडून आलेला प्रतिनिधी खडू आणतो आणि हजेरीपट नेतो. त्याला खरं काम द्या. महिन्यातून एक बैठक तुमच्यासोबत, लेखी इतिवृत्त, आणि मागच्या बैठकीत ठरलेल्यापैकी काय झालं, काय नाही आणि का, हे नोटीस बोर्डावर. ग्रंथालयाची वेळ, कँटीनचे दर, पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली, वार्षिक महोत्सवाच्या पैशाचा हिशेब, असे तीन-चार विषय पूर्ण त्यांच्यावर सोपवा. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव कायद्याने महाविद्यालय विकास समितीवर असतात. समितीची वर्षाला किमान चार बैठकांची तरतूद आहे. तसंच यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींच्या अंतर्गत समितीवर, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा, तीन विद्यार्थी लोकशाही पद्धतीने निवडून आलेले हवेत. तुमच्या फाइलमध्ये ती नावं कशी आली आहेत, तेवढं एकदा तपासून घ्या.

प्रश्न : ऐरोलीच्या कॉलेजात माझ्या मुलीला निवडणुकीच्या काळात उमेदवारांशी चर्चेच्या कार्यक्रमात बसवलं. हे कॉलेजात राजकारण शिरवणं नाही का?
– एक पालक

उमेदवार कोण बोलावले यावर ते ठरतं. एकाच पक्षाच्या पाहुण्याच्या हस्ते वह्यावाटप झालं तर तुमची शंका रास्त. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी एकाच मजकुराचं लेखी निमंत्रण, सगळ्यांना सारखा वेळ, प्रश्न आधी गोळा करून चिठ्ठ्या काढून विचारलेले, व्यासपीठावर पक्षाचं चिन्ह नाही, हार-शाल नाही आणि निवडणूक कार्यालयाची परवानगी घेतलेली, असं असेल तर त्यात गैर काही नाही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत मात्र असा कार्यक्रम नको. तुम्ही कॉलेजकडे निमंत्रणांच्या प्रती मागू शकता. आणि मुलीला काय विचारावंसं वाटलं, तेही विचारा.

प्रश्न : नवं सभागृह आलंय. मुलांना महासभा दाखवायला न्यावं का?
– राज्यशास्त्र विभाग, ठाणे

जरूर न्या, पण पिकनिकसारखं नको. सचिव विभागाला पत्र देऊन प्रेक्षक गॅलरीची परवानगी घ्या, एका वेळी २० ते २५ जण. विषयपत्रिका आधी मिळवा आणि प्रत्येकाला एक विषय वाटून द्या. त्याने तो प्रस्ताव वाचून जायचं आणि तिथे तीन गोष्टी टिपायच्या : कोण बोललं, प्रस्तावात बदल सुचवणारी दुरुस्ती आली का, मंजुरी चर्चेने झाली की गोंधळात. १३१ सदस्यांच्या सभागृहात कुणीच न बोलता किती प्रस्ताव मंजूर होतात, हे मोजणंही चांगला अभ्यास आहे.

कधी कधी शोकप्रस्ताव होऊन सभा दहा मिनिटांत तहकूब होते आणि मुलं हिरमुसून परततात. त्याच विषयांची सभा पुढे पुन्हा बोलावतात, तेव्हा विषयपत्रिका फेकू नका आणि बसचं भाडं दोन फेऱ्यांचं धरून ठेवा.